चारशे दहाची फुंकर

१

आमच्या पिठाच्या गिरणीत कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाने पिपाणी फुंकायची असते. पिपाणी हे आमचं नाव. खरं तर ती श्वास मोजायची प्लास्टिकची नळी आहे, वीतभर लांब, अंगावर आकडे छापलेली, आणि आकड्यांच्या बाजूला एका खाचेत सरकणारा लाल काटा. छाती भरून घ्यायची, नळी तोंडाला लावायची आणि एका दमात फुंकायचं. जेवढा दम तेवढा काटा वर जातो, आणि जिथे पोचला तिथेच थांबतो. बोटाने खाली ढकलेपर्यंत हलत नाही. मग भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नंबरापुढे आकडा लिहायचा आणि कामाला लागायचं. पिठाची धूळ छातीत बसते म्हणून ही तपासणी. धूळ कमी करण्यापेक्षा फुंकर मोजणं सोपं, असं वरच्यांना वाटत असावं.

मी इथला मिस्त्री. पट्टे, मोटरी, बेअरिंग, चाळण्या, सगळं माझ्या अंगावर. पिपाणी आणि तक्ताही माझ्याच गळ्यात पडले, कारण चौथ्या मजल्यावर चाळणघराला लागून माझी खोली आहे आणि तिला कुलूप लागतं. बावीस वर्षं पीठ खाऊनही माझा आकडा कधी पाचशे चाळीसच्या खाली आला नव्हता. पोती शिवणारा म्हातारा मला 'भात्या' म्हणतो. लोहाराकडे गेला असतास तर विस्तव फुकट पेटला असता, म्हणतो.

मी फार व्यवस्थित माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पाना जागेवर, तेलाची बुधली जागेवर. संध्याकाळी पिपाणी टेबलाच्या खणात ठेवताना काटा शून्यावर. तर त्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, खण उघडला, पिपाणी हातात घेतली आणि काटा चारशे दहावर होता.

विसरलो असेन, म्हटलं. वय झालं. बोटाने काटा खाली केला आणि कामाला लागलो. पण जिना उतरताना एक गोष्ट मनात खुपत राहिली. चारशे दहा हा आकडा गिरणीत एकाच माणसाचा होता, आणि तो त्या माणसाने एकदाही फुंकलेला नव्हता.

२

तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. गिरणीत त्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात. चाळणघरात खिडकीखाली एका लाकडी स्टुलावर बसून तो चाळण्यांच्या जाळ्या ब्रशने साफ करतो. पूर्वी दिवसभर शिट्टी वाजवायचा. आठवड्यातून एकदा साफसफाईसाठी चाळण्या बंद ठेवतात, तेव्हा त्याची शिट्टी खाली फाटकापर्यंत ऐकू यायची. मग दोन वर्षांपूर्वी ती शिट्टी ओठांतून उतरून छातीत गेली. आता तो जिना चढायला लागला की छातीच वाजते.

तीनशेच्या आकड्यावर तक्त्यात लाल रेघ आहे. रेघेखाली आलेल्या माणसाला चाळणघरातून काढून गोदामात पोती उचलायला पाठवतात. ज्याला दम नाही त्याला पोतं उचलायला लावायचं, ही अक्कल कुणाची ते देव जाणे.

आठ महिन्यांपूर्वी धाकटा माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. त्याने माझ्यादेखत पिपाणी फुंकली. दोनशे साठ.

"दादा, मला पोतं उचलवेल का?"

"नाही उचलवणार."

"मग घरीच बसायचं ना? आणि पोरीची शाळा?" तो थोडा थांबला. बोलतानाही त्याला मधे थांबावं लागत होतं. "तू फुंक ना माझ्या नळीतून. एवढे थोडे दिवस. मी बरा होतोच."

पिपाणीच्या तोंडाशी बसवायच्या पुठ्ठ्याच्या छोट्या नळ्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. नंबर लिहून खिळ्यांवर टांगलेल्या. त्याची सात नंबरची. ती मी बसवली आणि फुंकलो. काटा पाचशे चाळीसवर गेला आणि दोघेही हसलो, कारण तो आकडा बघून आंधळ्यानेसुद्धा चोरी पकडली असती. मग मी सराव केला. पूर्ण श्वास घ्यायचा, दोन मोजेपर्यंत आत धरायचा, आणि नळ अर्धाच सोडावा तसा सोडायचा. चारशे वीस येत होतं, पण चारशे वीस लिहिलं असतं तर तक्ता वाचणाऱ्यालाही हसू आलं असतं. म्हणून दहा कमी केले.

तेव्हापासून रोज सकाळी मी दोनदा फुंकत होतो, एकदा माझ्या नळीतून आणि एकदा त्याच्या. खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटत होता. भावासाठी लोक काय काय करतात, आपण नुसतं फुंकतोय, असं वाटायचं.

३

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा चारशे दहावर. तिसऱ्या दिवशीही.

मी मिस्त्री आहे. आपोआप काही होत नसतं, हे माझं पोटापाण्याचं ज्ञान. चाळणघरात चाळण्यांचे मोठे खोके दिवसरात्र हिंदकळत असतात. टेबलाच्या या टोकाला कप ठेवला तर तासाभरात त्या टोकाला जातो. तसाच काटा सरकत असेल. मी एक जुनी पिपाणी शोधून काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींचे काटे शून्यावर. सकाळी जुनीचा शून्यावर आणि नवीचा चारशे दहावर. नवीचा काटा ढिला असेल म्हणून ती टेबलावर दहा वेळा आपटली. काटा केसभर हलला नाही.

मग मला पोती शिवणाऱ्या म्हाताऱ्याचा संशय आला. त्याला असल्या खोड्या सुचतात.

"म्हाताऱ्या, माझ्या खोलीत कोण जातं?"

"तुझ्या खोलीत? तिथे काय पुरलंयस?" त्याने सुई पोत्यात खोचली. "किल्ली तुझ्या कमरेला. भुतालासुद्धा तुला विचारून जावं लागेल." आणि मग खोकत खोकत हसला.

चौथ्या दिवशी मी खण उघडून लगेच हात घातला नाही. नीट बघितलं. आमच्याकडे पीठ बंद खणातही जातं. रोज पुसा, रोज एक पांढरा थर. त्या थरावर पिपाणीच्या मागच्या बाजूला एक जागा स्वच्छ होती. पिपाणीजवळ अरुंद आणि पुढे रुंद होत गेलेली. पिपाणीच्या मागच्या भोकातून हवा बाहेर पडते, ती जोरात पडली की समोरचं पीठ असंच उडतं. आणि पिपाणीच्या तोंडाला सात नंबरची नळी बसवलेली होती. आदल्या संध्याकाळी ती मी स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगली होती.

मी पुठ्ठ्याला बोट लावलं. तो ओला होता.

मी तिथेच थांबायला हवं होतं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण मी काय केलं, तर तक्त्यात सात नंबरापुढे चारशे दहा लिहून टाकलं. आकडा आयता मिळाला होता. त्या दिवसापासून धाकट्यासाठी फुंकण्याचे माझे कष्ट वाचले. माझा स्वतःचा आकडा त्या आठवड्यात पाचशेवर आला होता. सर्दी असेल, म्हणून मी पाचशे चाळीसच लिहिलं, आणि पुढे पुढे फुंकायचाही कंटाळा केला. एकदा खोटं लिहायची सवय लागली की हात अडखळत नाही.

४

धाकट्याचं घर माझ्या घराला लागूनच आहे, मधे एक भिंत. माझी बायको गेल्यापासून मी जेवायला त्याच्याकडेच असतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी गेलो तर तो खिडकीशी बसलेला. मांडीवर दोन उशा, उशांवर कोपरं, मान पुढे. ओठ जांभळट. रात्रभर तसाच बसून होता, असं भावजयीने सांगितलं.

ती मला वाढत होती. वाढता वाढता हळूच म्हणाली, "भाऊजी, एक विचारू का? पलीकडच्या वहिनींचे ते पण गिरणीतच आहेत ना. त्यांना सुट्टीच्या दिवशी खोकला कमी असतो. धूळ नाही, आराम आहे, मग बरं वाटणारच. आमच्याकडे सगळं उलटं. सुट्टी आली की ह्यांचा जीव कासावीस."

"काम अंगवळणी पडलंय त्याच्या. रिकामं बसवत नसेल."

"तक्त्यावर आकडा चांगला येतो म्हणतात. चारशेच्या वर." तिने पातेलं खाली ठेवलं. "मग घरी असं का?"

मी आमटीची वाटी पुढे केली.

जेवण झाल्यावर धाकट्याजवळ जाऊन बसलो. "खरं सांग. काय होतंय?"

"इथे नाही जमत, दादा." एकेक शब्द सुटा येत होता. "तिथे बरं वाटतं. त्या स्टुलावर बसलो ना... की श्वास घ्यावाच लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... कुणीतरी घेतं. माझ्यासाठी. तू हसशील."

मी हसलो. हसलो आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शर्टाखाली फासळ्या हाताला लागत होत्या, आणि प्रत्येक श्वासाला आतून ती बारीक शिट्टी. लहानपणी आई शेतमजुरीला जायची तेव्हा हाच मुलगा माझ्या कडेवर असायचा. त्याच्या ओझ्याने माझी कंबर एका बाजूला वाकली होती. आता त्याला उचललं असतं तर एका हाताने उचलला असता.

५

दोन दिवसांनी साफसफाई होती. अकराला चाळण्या थांबल्या. गिरणी थांबली की माणसं वाजायला लागतात. इतर वेळी कुणाचं काही ऐकू येत नाही, पण आवाज बंद झाला की या मजल्यावरचा खोकला, त्या मजल्यावरचा घसा, सगळं जिन्यातून वर येतं. थोड्या वेळाने सगळे चहाला उतरले. धाकटाही कठड्याला धरून गेला. मी खोक्यांचे बोल्ट आवळायला मागे राहिलो.

धूळ ओढणारा मोठा पंखा चार महिन्यांपासून बंद होता. मोटर जळलेली, नवी येणार येणार म्हणून आली नव्हती. मी मनावर घेतलं असतं तर जुन्या मोटरीवर जुगाड करून तो चालवला असता. तेवढा हात माझ्यात आहे. घेतलं नाही. म्हणून चाळण्या थांबल्या तरी पीठ हवेत तसंच तरंगत होतं. खिडकी बंद. काचेतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि धाकट्याच्या स्टुलावर पडला होता.

मी पाना बोल्टला लावला आणि मला श्वास ऐकू आला.

खोल, मोकळा, स्वच्छ श्वास. घरघर नाही, शिट्टी नाही. माझाच असणार, म्हणून मी माझा रोखून धरला. तो चालूच राहिला.

मी हळूच मान वळवली. उन्हाच्या पट्ट्यात पिठाचे कण सगळीकडे रमतगमत खाली येत होते. फक्त स्टुलाच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, ते एका ठिकाणी ओढले जात होते. चहूबाजूंनी. मग थांबत होते. मग त्याच जागेतून बाहेर ढकलले जात होते, पुढे पसरत पसरत. पुन्हा ओढ. पुन्हा थांबणं. पुन्हा ढकलणं.

वारा म्हणावं तर खिडकी बंद. पंखा म्हणावं तर मोटर जळलेली. उन्हाने हवा वर जाते, हेही मनाला सांगून पाहिलं. पण उन्हाने तापलेली हवा मधे थांबत नाही. मी ते थांबणं मोजलं. एक, दोन. मग अर्धा सोडलेला नळ. पुन्हा आत, एक, दोन. हे मला कुणी शिकवायला नको होतं. आठ महिने रोज सकाळी मी असाच फुंकलो होतो. ती माझी फुंकर होती.

"कोण आहे?" मी म्हणालो. रिकाम्या खोलीला असं विचारणारा माणूस मी नव्हे, पण विचारलं.

कण जागच्या जागी थांबले. कुणी कान देऊन ऐकावं तसे. एक, दोन, तीन, चार मोजले. मग पुन्हा ओढ सुरू झाली.

तेवढ्यात जिन्यात धाकट्याची छाती वाजली. पायरी, थांबणं, पायरी. भिंतीला हात लावत तो आला. मला ओरडून सांगायचं होतं की बसू नकोस. पण का बसू नकोस, हे काय सांगणार होतो? तो स्टुलावर बसला, नेमका त्याच जागी. त्याची छाती वाजत होती, ती वाजता वाजता मधेच बंद पडली. घरघर गेली. ओठांवर रंग आला.

"हां," तो म्हणाला. "आलं."

"काय आलं?"

"बरं वाटलं, असं म्हणतोय." आणि त्याने ब्रश उचलला.

६

तपासणीच्या बाई सहा महिन्यांतून एकदा येतात. एरवी तक्त्यावर नजर टाकतात, रेघेजवळ आलेल्यांना बोलावतात आणि जातात. या खेपेला मी त्यांच्या आधीच तळमजल्यावरच्या ऑफिसात जाऊन उभा होतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याची जागा रिकामी झाली होती. बसून काम, उघडी हवा. मी सगळं मनात जुळवलं होतं.

"बाई, सात नंबरचे आकडे खोटे आहेत. ते मी फुंकलेत."

बाईंनी चष्मा काढला. "किती दिवस?"

"आठ महिने." शेवटचे काही आठवडे मी फुंकलो नव्हतो, हे कसं सांगायचं ते मला कळेना, म्हणून सांगितलं नाही.

"स्वतःच्या भावाच्या जिवाशी खेळलात तुम्ही."

"म्हणूनच सांगतोय. मला काय शिक्षा करायची ती करा. त्याला आजच्या आज त्या मजल्यावरून खाली आणा. फाटकावर जागा आहे, तिथे बसवा. मी हात जोडतो."

धाकट्याला बोलावलं. दारात उभा राहून त्याने आधी माझ्याकडे बघितलं. "दादा, तू सांगितलंस?" एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून एक धीर होता. आता दोनशे साठ येईल, फार तर दोनशे. मग सगळं सुटेल.

बाईंनी स्वतःच्या पिशवीतली पिपाणी काढली. नवी नळी बसवली. धाकट्याने श्वास घेतला. मी त्याच्या छातीकडे बघत होतो. एक, दोन. मग त्याने सोडला.

चारशे दहा.

बाईंनी काटा खाली केला. पुन्हा. चारशे दहा. पुन्हा. चारशे दहा.

"तीनदा एकच आकडा?" बाईंनी पिपाणीला टिचकी मारली. "माणसाचं थोडं तरी मागेपुढे होतं." मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं दोघांचं काही भांडण आहे का? ह्यांचा दम चांगला आहे. ह्यांची जागा का जावी असं वाटतंय तुम्हाला?"

"बाई, शपथ घेऊन सांगतो. त्याच्या पाठीला कान लावा. घरी जाऊन बघा."

"तुम्ही फुंका बरं."

"मी? माझं पाचशे..."

"फुंका."

मी छाती भरून घेतली. निदान मला तसं वाटलं. तोंड घट्ट लावलं आणि सगळं बळ एकवटून फुंकलो. काटा थोडासा वर गेला आणि थांबला. दोनशे साठ. दुसऱ्यांदा दोनशे पन्नास. तिसऱ्यांदा पुन्हा दोनशे साठ, आणि त्यानंतर मला टेबल धरावं लागलं. कानात माझी छाती वाजत होती. ती शिट्टी मला पाठ होती.

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. रागापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली. "अहो, तुम्ही स्वतःचं लपवत होतात तर. चाळणघर आजपासून तुम्हाला बंद. फाटकावर जागा आहे म्हणालात ना? तुम्हीच बसा तिथे."

धाकट्याने मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. त्याचा हात उबदार होता. "दादा, तू खाली बस. उन्हात बरं वाटेल. वर मी आहे ना."

बोलताना तो एकदाही थांबला नाही.

७

फाटकावर फारसं काम नाही. गाडी आली की अडसर उचलायचा. तेवढ्यानेही मला धाप लागते. चौथ्या मजल्यावरची ती एक खिडकी इथून दिसते.

माझ्या खोलीची किल्ली आणि तक्ता आता धाकट्याकडे असतो. पहिले काही दिवस संध्याकाळी आम्ही बरोबर घरी जायचो. फाटकाबाहेर पडलो की त्याची पावलं जड व्हायची. मग त्याने दुहेरी पाळी घेतली. मग सुट्टीलाही यायला लागला. घरी नाही जमत, दादा, म्हणायचा. मग संध्याकाळी मी फाटकाशी वाट बघायचो आणि तो उतरायचाच नाही.

आज साफसफाईचा दिवस. अकराला थोडा वेळ असताना भावजय डबा घेऊन फाटकावर आली. डोळे सुजलेले.

"भाऊजी, आज तिसरा दिवस. घरी आलेच नाहीत. पोरगी बाबा कुठे म्हणून विचारते, तिला काय सांगू? तुम्ही आणा ना त्यांना खाली. तुमचं ऐकतात ते."

"आणतो," म्हणालो. "तू इथेच थांब. तू वर येऊ नकोस."

एके काळी याच जिन्याने मी खांद्यावर मोटर घेऊन दोन दोन पायऱ्या चढत होतो. आज पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठडा धरून उभा होतो आणि वर चाळण्या थांबल्या. नेहमीसारखे सगळ्या मजल्यांवरचे खोकले जिन्यात उतरले. आणि त्यांच्यावरून शिट्टी आली.

ओठांची. जुनी. दोन वर्षांपूर्वीची.

पोती शिवणारा म्हातारा दारात आला. त्याचं तोंड आनंदाने उघडं पडलं होतं. "ऐकलंस का रे भात्या? पोरगं वाजवायला लागलं! पेढे काढ आता, बरा झाला तुझा भाऊ!"

मी मान हलवली आणि पुढे निघालो. दुसरा मजला. मधल्या कट्ट्यावर बसावं लागलं. ती चाल मला माहीत होती. आई गुणगुणायची ती, आणि त्याला शिट्टीवर ती मीच शिकवली होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो नेहमी तुटायचा. श्वास घ्यायला. शिकला तेव्हापासून त्याच ठिकाणी तुटायचा, आणि मी त्याला चिडवायचो की तुझी ओळ इथे संपते, गाणं नाही. प्रत्येकालाच कुठे ना कुठे तुटावं लागतं.

दुसरी ओळ संपली. शिट्टी थांबली नाही. तिसरी आली, चौथी आली, चाल संपून पहिल्यापासून सुरू झाली. मी कान देऊन बसलो. कुठेतरी तुटेल. एवढासा, चिमटीएवढा श्वास घेईल. मला दुसरं काही नको होतं, त्याने एकदा श्वास घ्यावा एवढंच ऐकायचं होतं. ती अखंड येत राहिली.

अजून दोन मजले होते. पाय उचलेनात. हाक मारावी, म्हटलं. माझ्या हाकेला तो लहानपणापासून येतो. मी कठडा घट्ट धरला आणि हाकेसाठी छाती भरून घ्यायला लागलो. तोंड उघडं होतं, खांदे वर गेले होते. आत काहीच आलं नाही.

एक, दोन.

वर शिट्टी आणखी मोठी झाली.

"भाऊजी," जिन्याच्या तळाशी येऊन भावजयीने विचारलं, "दिसले का?"